एकट्याचे घर आणि घरपट्टीतील सवलत : चामोर्शी तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : घरपट्टी, एकल निवास, नमुना ८, भोगवटादार, पाणीपट्टी, स्थानिक स्वराज्य संस्था

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुका हा वैनगंगेच्या काठचा धानपट्ट्याचा प्रदेश आहे. धानाची कापणी व मळणी आटोपली, की चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील शेतमजुरांची अनेक कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणाच्या दिशेने जातात. शिकलेली मुले नागपूर, पुणे किंवा हैदराबाद येथे नोकरीनिमित्त स्थिरावतात. मागे कौलारू घर राहते आणि त्या घरात पुष्कळदा एकच व्यक्ती राहते. ती बहुधा वृद्ध असते आणि अनेकदा विधवा असते. चूल एकीची, दिवा एकीचा, पाण्याच्या दोन घागरीही एकीच्याच. परंतु घरपट्टीची मागणी मात्र शेजारच्या सात माणसांच्या घराइतकीच येते. तेव्हा ‘घरात मी एकटीच राहते, मग कर काही कमी होईल काय?’ हा प्रश्न साहजिक ठरतो.

या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर एका शब्दात देता येते : नाही. महाराष्ट्रातील ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत यांच्या करविषयक कायद्यांत केवळ एकटे राहण्याच्या कारणावरून मिळणारी सवलत नाही. तथापि हे उत्तर पुरेसे नाही. सवलत का नाही, ती जेथे आहे तेथे कोणत्या तत्त्वावर उभी आहे, आणि एकट्या व्यक्तीला आजच्या कायद्यात कोणते मार्ग उपलब्ध आहेत, हे पाहिल्याशिवाय प्रश्न सुटत नाही. प्रस्तुत लेखात या तीन बाबींचा क्रमाने विचार केला आहे.

कर घरावर, माणसावर नव्हे

चामोर्शी तालुक्यात घरपट्टीच्या बाबतीत दोन वेगवेगळे कायदे लागू आहेत. चामोर्शी शहराचा कारभार आता नगरपंचायतीकडे असल्यामुळे तेथे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा कायदा लागू होतो. विदर्भात या कायद्यापूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा १९२२ चा नगरपालिका कायदा अमलात होता. १९६५ च्या अधिनियमाने राज्यातील निरनिराळ्या विभागांचे जुने कायदे एकत्र आणले. याउलट आष्टी, घोट, मार्कंडा यांसारख्या गावांत महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि त्याखालील कर व फी नियम, १९६० यांनुसार आकारणी होते.

नगरपंचायतीच्या कायद्यात कराचा पाया घराचे वार्षिक भाडेमूल्य हा आहे. घर भाड्याने दिले असता वर्षाला वाजवी भाडे किती येईल याचा अंदाज घेतला जातो, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा केले जातात आणि उरलेल्या रकमेवर कर बसतो. ग्रामपंचायत क्षेत्रात पूर्वी घराच्या क्षेत्रफळावर कर बसत असे. त्या पद्धतीस मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळाल्यानंतर राज्य शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये नियमांत दुरुस्ती केली आणि भांडवली मूल्याची पद्धत आणली. या पद्धतीत जमिनीचा व बांधकामाचा शासकीय दर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि तिचा वापर यांवरून मूल्य काढले जाते व त्या मूल्याच्या दर हजार रुपयांमागे ठराविक पैसे कर आकारला जातो.

या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. घरात किती माणसे राहतात, हा प्रश्न कोणत्याही टप्प्यावर विचारला जात नाही. घराचे संभाव्य भाडे रहिवाशांच्या संख्येने कमी-अधिक होत नाही आणि भांडवली मूल्यही होत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही, पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. तिच्यात मालकाचे नाव असते, भोगवटादाराचे नाव असते, घराचे वर्णन, मोजमाप व मूल्य असते. घरातील माणसांच्या संख्येचा रकाना मात्र नसतो. जी गोष्ट नोंदवहीला ठाऊकच नाही, तिच्यावर सवलत आधारता येत नाही. एकट्या व्यक्तीस सवलत न मिळण्याचे मूळ कारण कोणा अधिकाऱ्याच्या कठोरपणात नसून कराच्या रचनेतच आहे.

इंग्लंडमधील तरतूद आणि तिचे तत्त्व

एकट्याने राहणाऱ्यास स्थानिक करात सवलत देणारे ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथील कौन्सिल टॅक्स. घरात अठरा वर्षे पूर्ण केलेली एकच व्यक्ती राहत असेल, तर तेथे या करात २५ टक्के सूट मिळते. या तरतुदीचा अर्थ कळण्यासाठी तिचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो.

तेथे पूर्वी घराच्या भाडेमूल्यावर आधारलेला कर होता, म्हणजे आपल्या नगरपंचायतीच्या कराशी नाते सांगणारा. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने तो मोडून प्रत्येक प्रौढ व्यक्तीवर डोईपट्टी बसवली. स्कॉटलंडमध्ये ती १९८९ मध्ये आणि इंग्लंड व वेल्समध्ये १९९० मध्ये सुरू झाली. श्रीमंत व गरीब यांना सारखाच भार देणाऱ्या या कराविरुद्ध तीव्र असंतोष उसळला. ३१ मार्च १९९० रोजी लंडनमध्ये मोठा दंगा झाला. अखेर १९९२ च्या कायद्याने डोईपट्टी रद्द करण्यात आली आणि १ एप्रिल १९९३ पासून कौन्सिल टॅक्स लागू झाला.

हा नवा कर म्हणजे दोन तत्त्वांची तडजोड आहे. त्याचा निम्मा भाग घराचा व निम्मा भाग त्यात राहणाऱ्या माणसांचा मानला जातो आणि घरात दोन प्रौढ आहेत असे गृहीत धरले जाते. एकच प्रौढ असेल तर माणसांच्या भागातील अर्धा हिस्सा, म्हणजे एकूण कराचा चौथा हिस्सा, कमी होतो. २५ टक्क्यांचा आकडा याच हिशेबातून आला. पूर्णवेळ विद्यार्थी, गंभीर मानसिक अक्षमता असलेली व्यक्ती, विशिष्ट अटींत बसणारे शुश्रूषक अशा काहींची गणती या कामी केली जात नाही. त्यामुळे आईबरोबर महाविद्यालयात शिकणारा मुलगा राहत असला, तरी कराच्या दृष्टीने आई एकटीच ठरू शकते.

या तरतुदीची दोन वैशिष्ट्ये आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे, की ही सवलत गरिबीसाठी नाही. मोठ्या घरात एकटा राहणारा धनिकही तिला पात्र असतो. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी तेथे वेगळी व्यवस्था आहे. दुसरे असे, की सवलतीसाठी मागणी करावी लागते आणि घरात दुसरी प्रौढ व्यक्ती राहावयास आली, तर तसे कळवावे लागते. ही सवलत दयेपोटी दिलेली नाही. ती कराच्या पायातच माणसांचा हिस्सा धरल्यामुळे निघालेली आहे. आपल्या कराच्या पायात तो हिस्सा नसल्यामुळे ती जशीच्या तशी येथे लागू होऊ शकत नाही.

महाराष्ट्रातील प्रचलित सवलती

याचा अर्थ आपल्याकडे सवलतीच नाहीत, असा नाही. त्यांचे चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार वापरावर आधारित आहे. पुणे महानगरपालिकेने १९७० च्या ठरावाने घरमालक स्वतः राहत असलेल्या घरास वार्षिक करपात्र रकमेत ४० टक्के सवलत दिली. ती जवळजवळ अर्धशतक चालू राहिली. पुढे अशा सवलतीस अधिनियमाचा आधार नाही, असा आक्षेप लेखापरीक्षणात निघाला आणि राज्य शासनाने २०१९ मध्ये ती रद्द केली. नागरिकांच्या दीर्घ मागणीनंतर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने ती पुन्हा सुरू झाली. मात्र मधल्या काळात जिची सवलत गेली होती, अशा मालमत्तेच्या मालकास ‘पीटी ३’ हा अर्ज भरून स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडणे आवश्यक झाले. येथेही घरात एक माणूस राहतो की आठ, हा प्रश्न नाही. मालक स्वतः राहतो काय, एवढेच पाहिले जाते.

दुसरा प्रकार घराच्या आकारावर आधारित आहे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ करण्यात आला. लहान घर म्हणजे अल्प ऐपत, असे त्यामागील गृहीत आहे.

तिसरा प्रकार व्यक्तीच्या दर्जावर आधारित आहे. राज्य शासनाच्या २०२० च्या ‘बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजने’नुसार माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना एका निवासी मालमत्तेच्या करातून सूट मिळते. ही योजना नागरी भागाप्रमाणेच ग्रामपंचायत क्षेत्रातही लागू असून त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. राज्याबाहेर पाहिल्यास, दिल्ली महानगरपालिका महिला, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग व माजी सैनिक यांना स्वतःच्या वापरातील एका घरासाठी ३० टक्के सूट देत आली आहे. चामोर्शीतील एखाद्या सैनिकाच्या विधवेला करमाफी मिळते, ती तिच्या एकटेपणामुळे नव्हे, तर पतीच्या सेवेमुळे. शेजारच्या शेतमजुराच्या विधवेचे एकटेपण तेवढेच असूनही तिला ती मिळत नाही.

चौथा प्रकार वेळेवर आधारित आहे. ग्रामपंचायतीचा चालू वर्षाचा कर पहिल्या सहामाहीत, म्हणजे ३० सप्टेंबरपूर्वी, भरल्यास पाच टक्के सूट आणि थकवल्यास पाच टक्के दंड, ही व्यवस्था गावोगाव परिचित आहे. नगरपंचायत क्षेत्रात थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते.

या चारही प्रकारांत एकट्याने राहणे ही अट कोठेच नाही. पुण्याच्या उदाहरणातून आणखी एक धडा मिळतो. सवलत कितीही न्याय्य वाटली, तरी तिला कायद्याचा स्पष्ट आधार नसेल, तर ती पन्नास वर्षांनंतरही काढून घेतली जाऊ शकते. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २६५ सांगतो. कर सोडण्याच्या बाबतीतही स्थानिक संस्थेस कायद्याच्या चौकटीतच राहावे लागते. म्हणून चामोर्शीच्या नगरपंचायतीने किंवा एखाद्या ग्रामसभेने केवळ सहानुभूतीपोटी एकट्या व्यक्तींची घरपट्टी कमी करण्याचा ठराव केला, तरी तो टिकेल असे नाही.

भाराचे खरे स्वरूप

एकटी व्यक्ती आणि मोठे कुटुंब यांच्यावरील भार कसा वेगळा पडतो, हे एका उदाहरणाने पाहता येईल. पुढील मागणीचे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. एका कौलारू घराची वर्षाची एकूण मागणी १,२०० रुपये असून तिच्यात घरपट्टी ६०० रुपये, दिवाबत्ती व आरोग्य कर मिळून १०० रुपये आणि नळजोडणीची विशेष पाणीपट्टी ५०० रुपये आहे, असे समजू. घरात राहणाऱ्या विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. हा दर २०२३ मध्ये १,००० वरून वाढवण्यात आला. तिचे वर्षाचे अनुदान १८,००० रुपये होते आणि मागणी त्याच्या पंधराव्या हिश्शाइतकी भरते. दुसऱ्या शब्दांत, वर्षातील चोवीस दिवसांचे अनुदान या एका मागणीत जाते. शेजारच्या घरात चार हात कमावते असतील, तर तीच रक्कम त्यांच्या काही दिवसांच्या मजुरीत भागते.

शिवाय थकबाकीचे परिणाम पैशापुरते मर्यादित नसतात. ग्रामपंचायतीची थकबाकी सदस्यत्वाच्या अपात्रतेचे कारण ठरू शकते. अनेक ठिकाणी दाखला मागावयास गेले असता आधी कराची पावती विचारली जाते. निराधार अनुदानासाठी कागद गोळा करणाऱ्या वृद्धेला घरपट्टीची थकबाकी आडवी येणे, ही त्या दृष्टीने लहान बाब नाही.

कर आणि फी यांतील भेद

या ठिकाणी एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर व फी यांतील फरक स्पष्ट केला. कर हा सार्वजनिक कार्यासाठी घेतलेला सक्तीचा वाटा असतो आणि त्याच्या बदल्यात व्यक्तीला विशिष्ट सेवा मिळालीच पाहिजे असे नसते. फी मात्र दिलेल्या सेवेशी निगडित असते. पुढील निर्णयांत हा भेद काहीसा सैल झाला असला, तरी विचाराच्या सोयीसाठी तो आजही उपयुक्त आहे.

घरपट्टीच्या पावतीवर या दोन्ही प्रकारच्या रकमा शेजारी शेजारी छापलेल्या असतात. त्यामुळे करदात्यास त्या एकच वाटतात. घरपट्टी, दिवाबत्ती कर व आरोग्य कर यांचा घरातील माणसांच्या संख्येशी थेट संबंध जोडता येत नाही. रस्त्यावरचा दिवा एकटीसाठीही तेवढाच पेटतो. परंतु खाजगी नळजोडणीची विशेष पाणीपट्टी व घरोघरी कचरा उचलण्याचे शुल्क यांचे तसे नाही. एकटी व्यक्ती पाणी कमी वापरते आणि कचराही कमी करते. सेवेचा वापर कमी असताना मोबदला सारखाच घेणे, हे फीच्या मूळ तत्त्वाशी जुळत नाही.

यावरून प्रस्तुत विषयातील मुख्य मुद्दा हाती येतो. ‘एकट्याला सवलत’ ही मागणी घराच्या कराबाबत केल्यास ती कराच्या रचनेशी विसंगत ठरते. तीच मागणी सेवाशुल्काबाबत केल्यास ती सुसंगत व न्याय्य ठरते. वरील उदाहरणात इंग्लंडप्रमाणे एकूण मागणीवर २५ टक्के सूट दिली, तर ३०० रुपये कमी होतील, पण त्यासाठी राज्याच्या कायद्यात बदल करावा लागेल. केवळ विशेष पाणीपट्टी एकल निवासासाठी निम्मी केली, तरी २५० रुपये कमी होतात. पाणीपट्टीचे दर ठरवण्यात स्थानिक संस्थेचा स्वतःचा वाटा असल्यामुळे, नियमांच्या मर्यादेत राहून असे वर्गीकरण करणे तिच्या अधिक आवाक्यात आहे.

आजच्या कायद्यात उपलब्ध मार्ग

नवीन तरतूद होईपर्यंत एकट्या व्यक्तीने काय करावे, हाही प्रश्न उरतो. प्रचलित कायद्यातच भार कमी करण्याचे काही मार्ग आहेत.

(१) नोंद तपासणे. अनेक घरे मृत पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावरच राहिलेली असतात. नमुना ८ मध्ये किंवा नगरपंचायतीच्या आकारणी यादीत स्वतःचे नाव नसेल, तर कोणतीही सवलत मागताना पहिली अडचण तेथेच येते. घराच्या नोंदीत पत्नीचे नाव पतीबरोबर लावण्याबाबत राज्य शासनाने २००३ मध्येच सूचना दिल्या होत्या. पतीच्या हयातीत हे काम झालेले असेल, तर पुढे वारस नोंदीचा पुष्कळ त्रास वाचतो.

(२) घराचे वर्णन तपासणे. मातीच्या भिंतींचे कौलारू घर ‘पक्के’ म्हणून नोंदले गेले असेल, घराचे वय कमी दाखवले असेल किंवा पडलेली पडवी अजून मोजमापात असेल, तर कर विनाकारण जास्त बसतो. एकट्या व्यक्तीच्या घरात पडझड झालेला भाग वर्षानुवर्षे नोंदीत तसाच राहण्याचा संभव अधिक असतो.

(३) हरकत व अपील. दोन्ही प्रकारच्या संस्थांत चार वर्षांनी आकारणीची फेरतपासणी होते. नगरपंचायत क्षेत्रात ती ‘चतुर्थ वार्षिक कर आकारणी’ म्हणून ओळखली जाते. यादी प्रसिद्ध झाल्यावर दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घेता येते. ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करण्याची तरतूद आहे. मुदत गेल्यावर तक्रार रास्त असूनही तिचे बळ कमी होते.

(४) वेळेवर भरणा. सप्टेंबरपूर्वी कर भरण्याची सूट लहान असली, तरी अल्प उत्पन्नाच्या व्यक्तीने ती सोडू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दंडाचा व शास्तीचा भार टळतो.

(५) पात्रता तपासणे. माजी सैनिकांसाठीची सूट ज्यांना लागू आहे, त्यांनी तिची मागणी केली पाहिजे. सवलत कायद्यात असली, तरी ती अर्जाशिवाय आपोआप घरी येत नाही, हे पुणे व इंग्लंड या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. महाराष्ट्रातील घरपट्टी ही वास्तूवर बसते, वास्तव्यावर नव्हे. म्हणून एकट्याने राहण्याला तिच्यात स्थान नाही. इंग्लंडमधील २५ टक्के सवलत तेथील कराच्या दुहेरी पायामुळे शक्य झाली. आपल्याकडील सवलती वापर, आकार, दर्जा व वेळ यांवर आधारलेल्या असून त्यांतील एकही सवलत एकल निवासाची दखल घेत नाही.

या संदर्भात तीन सूचना विचारार्थ मांडता येतील. पहिली, नगरपंचायत व ग्रामपंचायती यांनी विशेष पाणीपट्टी व कचरा शुल्क यांत एकल निवासाचा स्वतंत्र व कमी दर ठेवावा आणि तो निराधार अनुदान घेणाऱ्या व्यक्तींपासून सुरू करावा. अनुदानाची यादी तहसील कार्यालयात असल्यामुळे एकटेपणाचा वेगळा पुरावा गोळा करण्याचे काम कमी होईल आणि सवलत एकट्या धनिकाऐवजी एकट्या गरजूकडे जाईल. दुसरी, आकारणीची फेरतपासणी करताना भोगवटादाराच्या रकान्याबरोबर घरातील प्रौढांची संख्याही टिपावी. ती माहिती नसेल, तर कोणत्याही सवलतीचा खर्च किती येईल हे ठरवता येणार नाही. तिसरी, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावातील एकट्या वृद्धांच्या नमुना ८ मधील नोंदी वाचून दाखवण्याचा व चुकीच्या नोंदींसाठी अर्ज लिहून देण्याचा उपक्रम घ्यावा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही आणि निधीही लागत नाही.

ज्या घरात एकच दिवा लागतो, त्या घराची नोंद निदान अचूक असावी आणि जी सेवा ते घर वापरत नाही तिचा मोबदला त्याच्याकडून घेतला जाऊ नये, एवढी अपेक्षा स्थानिक स्वराज्याच्या कल्पनेत मुळातच अंतर्भूत आहे. चामोर्शीसारख्या तालुक्यात, जेथे कामासाठी बाहेर गेलेल्या पिढीच्या मागे एकटी माणसे घरे सांभाळत आहेत, तेथे या अपेक्षेची पूर्तता अधिक निकडीची आहे.